इल ग्रान मोगोल

इल ग्रान मोगोल : इटालियन संगीतरचनाकार आंतोन्यो व्हिव्हाल्दी (१६७८–१७४१) याने आडवी बासरी व तंतुवाद्यवृंद यांसाठी रचलेला डी मायनर स्वरातील कंचेर्तो. शीर्षकाचा अर्थ ‘थोर मोगल’, म्हणजे दिल्लीचा मोगल बादशाह, असा आहे. व्हिव्हाल्दीच्या रचनांच्या प्रमाणसूचीत त्याचा क्रमांक आर्‌व्ही ४३१ अ असा आहे. हा कंचेर्तो फ्रान्स, स्पेन, इंग्लंड व मोगलांचा भारत या चार देशांच्या नावे रचलेल्या चार कंचेर्तोंपैकी एक होता. अठराव्या शतकातील एका डच ग्रंथविक्रेत्याच्या विक्रीसूचीतील उल्लेखावरूनच या संचाची माहिती होती व चारही रचना नष्ट झाल्या, असे मानले जात असे. २०१० मध्ये ‘इल ग्रान मोगोल’ची हस्तलिखित प्रत स्कॉटलंडमध्ये सापडली, उरलेल्या तीन रचना मात्र उपलब्ध झालेल्या नाहीत. भारताचे नाव धारण करणारी बासरीची एक यूरोपीय रचना म्हणून या कंचेर्तोला भारतीय वाचकांच्या दृष्टीने महत्त्व आहेच. परंतु ज्या काळात ती रचली गेली त्याच काळात दख्खनमधील मोगल सत्ता मोडकळीस आलेली होती, हे लक्षात घेता तिचे शीर्षक इतिहासाच्या दृष्टीनेही विचारणीय ठरते.

कंचेर्तो व बासरी : एका किंवा अधिक वादकांचा समूहाशी चाललेला सांगीतिक संवाद, हे कंचेर्तो या रचनाप्रकाराचे मूळ स्वरूप होय. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो इटलीत आकारास आला. व्हिव्हाल्दीने त्याला जे स्थिर रूप दिले ते थोड्याफार फरकाने सर्व यूरोपात अनुसरले गेले. या रूपात सामान्यतः जलद, संथ व पुन्हा जलद असे तीन खंड असतात. जलद खंडाच्या प्रारंभी सर्व वाद्यवृंद एक ठसठशीत स्वरवाक्य वाजवितो. त्यानंतर एकल वादकाचा भाग येतो. तो संपताच वाद्यवृंद मूळ स्वरवाक्याचा सगळा किंवा काही अंश पुन्हा वाजवितो आणि हा क्रम खंडाच्या अखेरीपर्यंत चालतो. या आवर्तक स्वरवाक्याला इटालियनमध्ये रितोर्नेल्लो असे म्हणतात. मराठी श्रोत्याला त्याची कल्पना अभंगातील ध्रुवपदावरून येऊ शकेल. कीर्तनात किंवा भजनात मुख्य गायकाने एकेक चरण म्हणावा आणि साथीदारांनी ध्रुवपद उचलून धरावे, तशीच काहीशी ही योजना आहे. दोहोंत एक महत्त्वाचा भेद मात्र आहे. अभंगाचे ध्रुवपद प्रत्येक वेळी त्याच आधारस्वरावर परत येते; रितोर्नेल्लो मात्र मधल्या आवर्तनांत निरनिराळ्या आधारस्वरांवर प्रकट होते आणि अखेरीस मूळ स्वरावर येऊन विसावते. दूर जाणे व घरी परतणे या क्रियेतून जो ताण व जे समाधान निर्माण होते, त्यावर या रचनाप्रकाराची उभारणी झालेली आहे.

व्हिव्हाल्दीने सुमारे ५०० कंचेर्तो रचले. त्यांतील बहुसंख्य व्हायोलिनसाठी आहेत, कारण तो स्वतः त्या वाद्याचा असामान्य वादक होता. बासरीसाठी त्याने रचलेले कंचेर्तो तुलनेने थोडे आहेत. याचे एक कारण वाद्याच्या इतिहासात सापडते. यूरोपात सतराव्या शतकापर्यंत एकल वादनासाठी प्रामुख्याने तोंडाशी उभी धरावयाची रेकॉर्डर ही बासरी प्रचारात होती. त्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील कारागिरांनी आडव्या बासरीची पुनर्रचना केली. तिचे तीन-चार सांधे केले, अंतर्भाग निमुळता केला आणि सहा स्वरछिद्रांखेरीज एक सातवे छिद्र पाडून त्यावर करंगळीने दाबावयाची एक कळ बसविली. ही एककळीची लाकडी बासरी अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकांत फ्रान्समधून जर्मनी, इंग्लंड व इटली या देशांत पसरली. व्हेनिसमध्ये ज्या ‘ओस्पेदाले देल्ला पिएता’ या अनाथ मुलींच्या संस्थेत व्हिव्हाल्दी १७०३ पासून दीर्घकाळ संगीतशिक्षक होता, तेथे आडव्या बासरीच्या शिक्षणासाठी स्वतंत्र शिक्षकाची नेमणूक १७२८ मध्ये झाली. त्यानंतर थोड्याच अवधीत, १७२९ च्या सुमारास, व्हिव्हाल्दीचे बासरीसाठी रचलेले सहा कंचेर्तो त्याचा दहावा ग्रंथसंच म्हणून ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाले. या वाद्यासाठी छापल्या गेलेल्या कंचेर्तोंच्या आरंभीच्या संचांत त्यांची गणना होते. ‘समुद्रावरील वादळ’, ‘रात्र’ व ‘गोल्डफिंच पक्षी’ अशी त्यांतील तिघांची शीर्षके आहेत. रचनेला चित्रमय नाव देण्याची ही प्रवृत्ती व्हिव्हाल्दीच्या १७२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार ऋतूंवरील सुप्रसिद्ध व्हायोलिन-कंचेर्तोंतही दिसते. ‘इल ग्रान मोगोल’ची रचना साधारणतः याच कालखंडातील आहे.

रचनाविशेष : ‘इल ग्रान मोगोल’चे तीन खंड आहेत : पहिला फारसा जलद नसलेला, दुसरा संथ व तिसरा जलद. बासरीच्या साथीला पहिली व दुसरी व्हायोलिने, व्हिओला, आणि मंद्र स्वरांचा आधार देणारी वाद्ये अशी योजना आहे. व्हिव्हाल्दीच्या काळातील बासरीचा आवाज आजच्या धातूच्या बासरीपेक्षा मृदू व लहान होता. त्यामुळे एकल भागांच्या वेळी साथ विरळ करणे आणि बासरी थांबताच सर्व तंतुवाद्यांचा जोर परत आणणे, हे अशा रचनांमधील एक मुख्य तंत्र ठरले.

या रचनेसाठी निवडलेला स्वरही लक्षणीय आहे. एककळीच्या बासरीवर सर्व छिद्रे झाकली असता डी हा स्वर निघतो व बोटे क्रमाने उचलीत गेल्यास डी मेजरचे सप्तक मिळते. त्या सप्तकाबाहेरचे स्वर काढण्यासाठी यूरोपीय वादक मधले छिद्र उघडे ठेवून खालची छिद्रे झाकीत असे. भारतीय बासरीवादक अशा वेळी छिद्र अर्धे झाकून कोमल स्वर काढतो. यूरोपीय बासरीची छिद्रे लहान असल्याने ती पद्धत तेथे सोयीची नव्हती. झाकलेल्या बोटांच्या या युक्तीने निघणारे स्वर अधिक दबलेले व झाकोळलेले येतात. डी मायनरमधील एफ व बी फ्लॅट हे दोन महत्त्वाचे स्वर नेमके याच प्रकारचे आहेत. त्यामुळे वादकाचे काम कठीण होते. पण त्याबरोबरच रचनेला उजेड-सावलीचा एक विशिष्ट रंगही प्राप्त होतो. आधुनिक बासरीवर, जिची यंत्रणा टेओबाल्ट ब्योम या जर्मन वादक-कारागिराने १८४७ पर्यंत सिद्ध केली, सर्व स्वर सारख्याच तेजाने वाजतात. त्यामुळे हा भेद जुन्या पद्धतीच्या लाकडी बासरीवरच ऐकू येतो.

या कंचेर्तोचे एक दुसरे रूप इटलीतील तूरिन येथील राष्ट्रीय विद्यापीठ ग्रंथालयात आहे. ते ई मायनर स्वरात आहे व त्याचा सूचिक्रमांक आर्‌व्ही ४३१ असा आहे. ते ‘इल ग्रान मोगोल’चे काहीसे नंतरचे संस्करण असावे, असे अभ्यासकांचे मत आहे. ई मायनरमधील बहुतेक स्वर एककळीच्या बासरीला सहजसाध्य आहेत. म्हणजे नव्या रूपात रचना वादकाला अधिक सोयीची झाली. तूरिनच्या प्रतीत मोगलाचे नाव नाही आणि मधला संथ खंड उतरवून घेतलेला नाही. एकच संगीत एका प्रतीत दूरदेशीच्या बादशाहाच्या नावाने आणि दुसऱ्या प्रतीत निनावी आढळते, ही गोष्ट शीर्षक व संगीत यांचा संबंध तपासताना विसरता येत नाही.

हस्तलिखिताचा इतिहास : व्हिव्हाल्दीला हयातीत यूरोपभर कीर्ती लाभली, परंतु अखेरच्या वर्षांत व्हेनिसमधील त्याची लोकप्रियता ओसरली आणि १७४१ मध्ये व्हिएन्ना येथे त्याचा निर्धन अवस्थेत अंत झाला. त्यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षे त्याचे नाव मुख्यतः योहान सेबास्टिआन बाख याने त्याच्या काही कंचेर्तोंची ऑर्गन व हार्प्सिकॉर्ड या वाद्यांसाठी रूपांतरे केली, एवढ्यापुरतेच अभ्यासकांना ठाऊक होते. त्याच्या स्वतःच्या संग्रहातील हस्तलिखिते निरनिराळ्या खाजगी हातांतून फिरत राहिली. त्यांचा एक मोठा भाग उत्तर इटलीतील एका धार्मिक शिक्षणसंस्थेने १९२६ मध्ये विक्रीस काढला असता त्याचे मोल तज्ञांच्या ध्यानात आले. १९२७ मध्ये रोबेर्तो फोआ व १९३० मध्ये फिलिप्पो जोर्दानो या दोघा धनिकांनी दिलेल्या द्रव्यातून संग्रहाचे दोन्ही भाग तूरिनच्या ग्रंथालयासाठी मिळविण्यात आले. दोघांनीही ही देणगी आपल्या अकाली निवर्तलेल्या बालपुत्रांच्या स्मरणार्थ दिली. त्या मुलांची नावे संग्रहांना जोडलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर या हस्तलिखितांचे पद्धतशीर प्रकाशन झाले आणि १९७० नंतरच्या दशकात पेटर रूम या डॅनिश संशोधकाने तयार केलेली सूची प्रमाण मानली जाऊ लागली. ‘आर्‌व्ही’ ही संज्ञा त्याच सूचीची निदर्शक होय.

‘इल ग्रान मोगोल’ची प्रत मात्र या संग्रहात नव्हती. अँड्र्यू वुली या इंग्रज संगीतसंशोधकाला ती २०१० मध्ये एडिंबरो येथील स्कॉटलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, लोदियनच्या सरदारघराण्याच्या कागदपत्रांत आढळली. ती या घराण्यातील लॉर्ड रॉबर्ट कर याच्या संग्रहातील असावी, असा तर्क केला जातो. रॉबर्ट कर बासरीवादक होता. तरुण ब्रिटिश सरदारपुत्रांनी शिक्षणाची पूर्तता म्हणून इटलीचा प्रवास करण्याची त्या काळी प्रथा होती. अशा प्रवासातून संगीताच्या हस्तलिखित प्रती मोठ्या प्रमाणावर उत्तरेकडे गेल्या. १७४६ मध्ये कलडनच्या लढाईत रॉबर्ट कर मारला गेला.

अठराव्या शतकात वाद्यवृंदाचे संगीत एकत्रित न लिहिता प्रत्येक वादकाचा भाग सुट्या कागदांवर उतरविला जाई. एडिंबरोच्या प्रतीत बासरी, पहिले व्हायोलिन, व्हिओला व मंद्र वाद्ये यांचे भाग सुरक्षित आहेत. दुसऱ्या व्हायोलिनचा भाग मात्र हरवला आहे. मुख्य स्वररेषा त्यामुळे नष्ट होत नाही, पण स्वरांच्या मेळातील मधला एक धागा तुटतो. या भागाची पूर्ती प्रामुख्याने तूरिनच्या ई मायनर प्रतीच्या आधारे करण्यात आली. निनावी प्रतीने नामधारी प्रतीची उणीव भरून काढली, आणि एडिंबरोच्या प्रतीत तूरिनला नसलेला संथ खंड मिळाला. दोन्ही प्रती अशा रीतीने एकमेकींना पूरक ठरल्या. जानेवारी २०११ मध्ये स्कॉटलंडमधील पर्थ येथे ‘ला सेरेनिस्सिमा’ या इंग्लिश वाद्यवृंदाने या कंचेर्तोचे आधुनिक काळातील पहिले जाहीर वादन केले. पुढे याच वाद्यवृंदाने त्याचे ध्वनिमुद्रणही केले.

यूरोपीय कल्पनेतील ‘थोर मोगल’ : व्हिव्हाल्दीच्या काळातील यूरोपला भारताची ओळख मुख्यतः मोगल बादशाहाच्या रूपाने होती. झां बातीस्त ताव्हेर्न्ये या फ्रेंच रत्नव्यापाऱ्याने १६६५ मध्ये औरंगजेबाच्या दरबारात पाहिलेला प्रचंड हिरा यूरोपात ‘थोर मोगल’ याच नावाने ओळखला जाऊ लागला. फ्रांस्वा बेर्न्ये या फ्रेंच वैद्याच्या प्रवासवर्णनाने (१६७०) दिल्ली-आग्र्याच्या वैभवाची व बादशाहीतील वारसायुद्धाची हकीकत घरोघर पोहोचविली. जॉन ड्रायडन याचे औरंगजेबावरील नाटक १६७५ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आले. त्या वेळी औरंगजेब सिंहासनावर होता. ड्रेझ्डेनचा राजरत्नकार योहान मेल्खिओर डिंग्लिंगर याने १७०१ ते १७०८ या काळात सॅक्सनीच्या अधिपतीसाठी औरंगजेबाच्या वाढदिवसाच्या दरबाराचा एक लघुदेखावा सोने, मीनाकारी व हजारो हिरे वापरून घडविला. त्यात शंभराहून अधिक चिमुकल्या आकृती आहेत. डिंग्लिंगरने भारत पाहिला नव्हता. प्रवासवर्णने व चित्रे यांवरच त्याची सर्व भिस्त होती. ड्रेझ्डेनचे व व्हेनिसचे सांगीतिक संबंध घनिष्ठ होते. तेथील व्हायोलिनवादक पिझेंडेल याने १७१६ मध्ये व्हेनिसला येऊन व्हिव्हाल्दीजवळ अध्ययन केले, आणि पुढे बासरीवरील प्रमाणग्रंथाचा (१७५२) कर्ता ठरलेला योहान योआखिम क्वांट्स हाही ड्रेझ्डेनच्या वाद्यवृंदात होता.

व्हेनिसला तर भारताविषयीच्या माहितीचा एक स्वतंत्र मार्ग उपलब्ध होता. निकोलाओ मनुची हा व्हेनिसचा रहिवासी कुमारवयात भारतात आला व आयुष्यभर येथेच राहिला. दारा शुकोहच्या तोफखान्यात नोकरी केल्यानंतर १६६५ मध्ये तो मिर्झाराजे जयसिंग यांच्या सैन्यात होता आणि पुरंदरच्या तहाच्या सुमारास त्या छावणीत त्याची छत्रपती शिवाजी महाराजांशी भेट झाली. मोगल साम्राज्याविषयीच्या आपल्या बखरवजा वृत्तांताची एक प्रत त्याने अठराव्या शतकाच्या प्रारंभी व्हेनिसच्या सेनेटकडे पाठविली व ती तेथील मार्चाना ग्रंथालयात जतन झाली. त्याच्या लेखनावर आधारलेला एक फ्रेंच ग्रंथ १७०५ मध्ये प्रसिद्धही झाला होता.

या माहितीचे रंगभूमीवर जे रूपांतर होई ते मात्र स्वैर असे. दोमेनिको लाल्ली याच्या संहितेवर व्हिव्हाल्दीने रचलेले ‘आर्जिप्पो’ हे संगीतनाटक १७३० मध्ये प्राग येथे सादर झाले. त्याचे कथानक भारतात, मोगल राजाच्या दरबारी घडते; परंतु राजाचे नाव तिसिफारो व राजकन्येचे नाव झानाइदा असे आहे. १७३५ मध्ये पॅरिस येथे रंगभूमीवर आलेल्या रामो याच्या ‘लेझँद गालांत’ या नृत्यनाट्याच्या शीर्षकात तर ‘इंडीज’ हा शब्द असूनही त्यातील कथा तुर्कस्तान, पेरू, इराण व उत्तर अमेरिका येथे घडतात. भारत हे त्या काळी दूरत्वाचे व ऐश्वर्याचे सर्वसाधारण चिन्ह बनले होते, असे यावरून दिसते. देशांची नावे रचनांना देण्याची पद्धतही रूढ होती. फ्रांस्वा कूप्रँ याने १७२६ मध्ये आपल्या वाद्यसंगीताच्या चार रचनांना फ्रान्स, स्पेन, पवित्र रोमन साम्राज्य व पीडमाँट यांची नावे दिली. मात्र कूप्रँची सर्व राष्ट्रे यूरोपातील आहेत. व्हिव्हाल्दीच्या चौकडीत मोगलाचा भारत हा फ्रान्स, स्पेन व इंग्लंड यांच्या बरोबरीने येतो. तत्कालीन यूरोप मोगल बादशाहीला आपल्या मोठ्या राजसत्तांच्या तोडीची मानीत होता, याचे हे एक गमक होय.

‘इल ग्रान मोगोल’च्या संगीतात मात्र भारतीय असे काही नाही. त्यातील स्वरवाक्ये, लयबंध व खंडांची मांडणी सर्वस्वी इटालियन आहे. मोगल दरबाराशी बासरीचा विशेष संबंधही नव्हता. दरबाराचे सार्वजनिक वाद्य म्हणजे नगारखान्यातील नौबत. बेर्न्येने या नौबतीविषयी एक मार्मिक नोंद केली आहे. नव्याने आलेल्या यूरोपीयाच्या कानांना सनया, नगारे व झांजा यांचा तो कल्लोळ प्रथम असह्य वाटला, परंतु पुढे रात्रीच्या वेळी दूरवरून ऐकताना त्याला त्यात गांभीर्य व माधुर्य जाणवू लागले, असे तो सांगतो. ऐकण्याच्या सवयीतून येणारी अशी समज व्हेनिसमधील रचनाकाराला लाभण्याचा मार्ग नव्हता. भारतीय संगीत कानी पडल्याखेरीज त्याने भारताचे नाव घेतले आणि आपल्या नगरीत तेव्हा नव्याने रूढ होत असलेल्या बासरीच्या मुखी ते घातले.

समकालीन दख्खन : यूरोपात ‘थोर मोगल’ हे नाव वैभवाचे प्रतीक म्हणून मिरवत असताना त्या सत्तेचे वास्तव रूप जेथे सर्वांत स्पष्ट दिसत होते, तो प्रदेश म्हणजे आजचा महाराष्ट्र, विशेषतः मराठवाडा होय. मोगलांनी १६३१ मध्ये कंधारचा किल्ला व १६३६ मध्ये उदगीर व औसा हे किल्ले घेतले. नांदेड, नायगाव, बिलोली व देगलूर हा गोदावरी-मांजरा खोऱ्यांतील टापू तेव्हापासून मोगल अमलाखाली आला. तो आधी तेलंगण सुभ्यात व पुढे बीदर सुभ्यात मोडत असे. औरंगजेब १६८१ मध्ये दक्षिणेकडे निघाला. विजापूर व गोवळकोंडा ही राज्ये त्याने जिंकली, तरी छत्रपती संभाजी, राजाराम व ताराबाई यांच्या काळात मराठ्यांनी चालविलेले युद्ध त्याला संपविता आले नाही. १७०७ मध्ये अहमदनगर येथे त्याचा अंत झाला आणि खुलदाबाद येथे त्याचे साधे, उघडे थडगे बांधले गेले. डिंग्लिंगरचा रत्नजडित दरबार पुरा होण्याच्या सुमारास त्यात सिंहासनस्थ असलेला बादशाह असा मराठवाड्याच्या मातीत विसावला होता.

त्यानंतरच्या घटना वेगाने घडल्या. औरंगजेबाचा वारस बहादूरशाह आपल्या भावाविरुद्धच्या मोहिमेसाठी दक्षिणेत उतरला; याच प्रवासाच्या संदर्भात नांदेडला आलेल्या गुरू गोविंदसिंगांचे तेथे १७०८ मध्ये निर्वाण झाले. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ याने दख्खनच्या सहा सुभ्यांतील चौथाई व सरदेशमुखी यांच्या बादशाही सनदा दिल्लीहून आणल्या. या सहा सुभ्यांत बीदर सुभ्याचाही समावेश होता. १७२४ मध्ये निजामुल्मुल्क याने दख्खनमध्ये आपली सत्ता व्यवहारतः स्वतंत्र केली. १७२८ मध्ये पालखेड येथे पहिल्या बाजीरावाने त्याला कोंडीत पकडून मुंगी-शेवगावचा तह करावयास लावले. व्हेनिसच्या पिएता संस्थेत आडव्या बासरीचे शिक्षण सुरू झाले ते याच वर्षी. १७३७ मध्ये बाजीरावाची घोडदळे दिल्लीच्या वेशीवर पोहोचली; १७३९ मध्ये नादिरशाहाने दिल्ली लुटून मयूरासन व कोहिनूर हिरा इराणला नेला. व्हिव्हाल्दीच्या मृत्यूपूर्वीच, म्हणजे १७४१ च्या आत, ‘थोर मोगल’ ही पदवी बहुतांशी नाममात्र उरली होती.

दख्खनच्या सामान्य जनांच्या सांगीतिक जीवनात या घडामोडींनी फारसा खंड पडला नाही. सनई-चौघडा हा दरबाराचा व देवालयाचा, टाळ-मृदंग-वीणा ही वारकऱ्यांची, आणि बासरी व पावा ही गुराख्यांची वाद्ये होती. कृष्णाच्या वेणूमुळे बासरीला भक्तिकाव्यात मानाचे स्थान होते, तरी दरबारी मैफलीचे स्वतंत्र वाद्य म्हणून तिला प्रतिष्ठा नव्हती. ती तिला विसाव्या शतकात, मुख्यतः मुंबईत कार्य केलेल्या पन्नालाल घोष (१९११–६०) यांच्या वादनामुळे प्राप्त झाली. यूरोपात अठराव्या शतकातच बासरी हे राजे व सरदार यांच्या शौकाचे वाद्य बनले होते. प्रशियाचा दुसरा फ्रीड्रिख हा क्वांट्सचा शिष्य होता.

यूरोपीय ध्वनीचा एक अवशेष मात्र याच काळात महाराष्ट्रात येऊन स्थिरावला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पाने पोर्तुगीजांकडून वसई जिंकल्यावर तेथील चर्चमधील घंटा मराठा सरदारांनी आणून ठिकठिकाणच्या देवालयांत टांगल्या. नाशिकचे नारोशंकराचे मंदिर व भीमाशंकर येथील घंटा त्यांपैकी प्रसिद्ध आहेत. यूरोपने मोगलाचे नाव घेतले ते वर्णनांतून. महाराष्ट्राने यूरोपची घंटा घेतली ती युद्धातून. दोन्हीकडे परक्या गोष्टीला स्वतःच्या परंपरेत नवी जागा मिळाली आणि तिचा मूळ अर्थ मागे पडला.

मूल्यमापन : एखाद्या कलाकृतीचे शीर्षक हे ऐतिहासिक पुरावा म्हणून वापरताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात : ज्या देशाचे नाव घेतले आहे त्याविषयी ते काय सांगते, आणि नाव देणाऱ्या समाजाविषयी काय सांगते. पहिल्या दृष्टीने ‘इल ग्रान मोगोल’ मौन आहे. १७३० च्या सुमाराचा भारत, तेथील संगीत किंवा तेथील राजसत्तेची अवस्था यांविषयी त्यातून काहीही कळत नाही. दुसऱ्या दृष्टीने मात्र ते बोलके आहे. प्रवासवर्णने, रत्ने, नाटके व दरबारी शोभेच्या वस्तू यांतून सतराव्या शतकात तयार झालेली मोगल वैभवाची प्रतिमा, ती सत्ता खिळखिळी झाल्यानंतरही यूरोपात किती काळ टिकून राहिली, हे त्यातून समजते. पुढे याच शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालवर अंमल बसला, तेव्हा ही प्रतिमा झपाट्याने बदलली. फ्रान्स, स्पेन व इंग्लंड यांच्या पंक्तीला भारताला बसविणारी व्हिव्हाल्दीची चौकडी त्या बदलापूर्वीची आहे.

संगीत म्हणून या कंचेर्तोची योग्यता त्याच्या नावावर अवलंबून नाही. व्हिव्हाल्दीच्या परिणत शैलीचे स्पष्ट स्वरवाक्य, आटोपशीर बांधणी आणि एककळीच्या बासरीच्या मर्यादांचा जाणता उपयोग हे गुण त्यात एकत्र आले आहेत. क्वांट्सचे सुमारे ३०० बासरी-कंचेर्तो व मोट्सार्टने १७७८ मध्ये मानहाइम येथे रचलेला जी मेजरमधील कंचेर्तो यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या परंपरेतील तो एक आरंभीचा टप्पा होय. त्याचे तीन सहोदर सापडेपर्यंत, लुप्त झालेल्या या चौकडीचा तो एकमेव प्रतिनिधी राहील.